डोक्याचा मुका मार आणि आमच्या बाई

डॉ. सुगंधा रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या लांबलचक व्हरांड्यात, आणि त्यांनी मला पाहिलं ते धावताना. मी काटोलहून नागपूरला नुकताच आलेला, जीवरसायन विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटलेला. हातात रक्ताच्या नळ्यांचं लाकडी स्टँड होतं आणि डोक्यात ठाम समजूत होती, की पाय चपळ दिसले की वरिष्ठ खूश होतात. समोरून पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई आल्या, वाटेतच थांबल्या आणि म्हणाल्या, "कुठं आग लागली का हो?"

मी म्हटलं, "नाही."

"मग त्या रक्ताला काहून घाबरवून राहिले?"

त्यांनी स्टँडमधली एक नळी अलगद उचलली आणि खिडकीतल्या उजेडासमोर धरली. गोठलेल्या रक्तावर जो द्राव तरंगतो तो उन्हाळ्यातल्या संध्याकाळसारखा फिकट पिवळा असायला हवा. माझ्या नळीतला गुलाबी झाला होता. "रक्त आदळलं की तांबड्या पेशी फुटतात," त्या म्हणाल्या. "मग तपासणीत रोग्याचं काही कळत नाही, तुमच्या धावण्याचं तेवढं कळतं." मग काठोकाठ भरलेलं ताट न्यावं तशा त्या ते स्टँड घेऊन माझ्यासोबत प्रयोगशाळेपर्यंत चालत आल्या. वाटेत त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि त्या दिवसापासून माझं आडनाव नीट पाठ असूनही मला 'काटोलकर' म्हणू लागल्या. त्या चालीची मला अशी सवय जडली, की आजही बाजारात माझ्यासोबत निघायला घरची माणसं कंटाळतात.

बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनावर, त्यांनी उभ्या केलेल्या विभागावर, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या यशावर लिहिणारे माझ्याहून योग्य लोक आहेत. मी त्यांच्या एकाच कामाविषयी लिहिणार आहे, कारण त्या कामात मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, आणि ती वर्षं आठवली की मला अजून अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं.

डोक्याला मार लागून दवाखान्यात येणारे लोक दोन प्रकारचे. एक ते, ज्यांना पाहताच सगळे धावतात. दुसरे ते, जे स्वतः चालत येतात. कुठं खोक नाही, एक्स-रे स्वच्छ, नाव-गाव बरोबर सांगतात. आपण ज्याला मुका मार म्हणतो तो यांच्या डोक्याला लागलेला असतो. डॉक्टर त्यांना धीर देतात, गोळी देतात, घरी पाठवतात. बाईंचं लक्ष लागलं ते या दुसऱ्यांकडे, आणि त्याला कारण झाली नागपूरलगतच्या वाडी गावची एक बाई.

तिचा नवरा अमरावती रस्त्यावरच्या गोदामांत ट्रक भरायचा. पोतं निसटून डोक्यावर आलं, तो क्षणभर बसला, पाणी प्याला, पुन्हा कामाला लागला. महिन्याभरानं ती त्याला घेऊन आली. आमच्या बाई त्या दिवशी कुठल्याशा कामानं बाह्यरुग्ण विभागात उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. त्यावर ती माउली कुणाकडेही न बघता म्हणाली, "देह तं घरी आला जी. मानूस काही आला नाही अजून."

बाई परत विभागात आल्या तेव्हा चहा निवून गेला तरी कप तसाच धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "काटोलकर, यकृत दुखावलं की रक्तात कळतं. हृदय दुखावलं की कळतं. मग मेंदूनंच असं काय पाप केलं?"

मेंदूच्या पेशी दुखावल्या तर त्यांतलं काहीतरी झिरपून रक्तात येत असलंच पाहिजे. ते हाती लागलं तर वाडीच्या त्या माउलीचं म्हणणं नळीत धरून दाखवता येईल, कुणाला नाकारता येणार नाही. तेव्हा बाईंचं हे बोलणं आमच्याकडे पुष्कळांना खुळचट वाटलं. दूर परदेशांत काही लोक त्या दिशेनं चाचपडत आहेत असं नियतकालिकांतून कळायचं, तेही टपाल येईल तेव्हा. बाईंना कुठल्याही निष्कर्षाची घाई नव्हती. त्यांचे वडील गिरणी कामगार. छप्पन साली सगळ्या कुटुंबानं नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा बाई शिकून नुकत्याच नोकरीला लागलेल्या होत्या. त्या सांगतात, वडिलांनी त्या दिवशी घरी परत येताना एवढंच म्हटलं, "कोणी सांगतलं म्हनून मानू नको. आन कोणी सांगतलं म्हनून टाकूनही देऊ नको, पाह्य." या दोन वाक्यांवर त्यांचं सगळं संशोधन उभं आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मग आमचं काम सुरू झालं. मुका मार लागलेला माणूस आला की मी रक्त घ्यायचो आणि बाई त्याच्याजवळ स्टूल ओढून बसायच्या. त्या त्याला एकच गोष्ट विचारायच्या: तुमच्या दारातून निघून पाण्यापर्यंत कसं जायचं ते सांगा. विहीर असो, नळ असो, बोअर असो. माणूस सांगू लागायचा. चांगला असला तर भराभर पोहोचायचा. मार लागलेला असला तर मध्येच कुठंतरी रेंगाळायचा, कडुलिंबाखाली थांबायचा, कुणाच्या तरी ओट्यावर बसायचा आणि त्याला पाणी सापडायचं नाही. बाई घाई करत नसत. त्याच्यासोबत त्याही त्या ओट्यावर बसल्यासारख्या दिसत.

त्या माणसांची बोलणी मी अजून विसरलेलो नाही. एक म्हणाला, लोक बोलतात ते कापसाच्या गंजीतून ऐकू येतं. एक मास्तर म्हणाले, फळ्यावरची अक्षरं पाण्याखाली गेल्यासारखी हलतात. एका म्हाताऱ्या बाईंना दुपारभर सकाळच आहे असं वाटायचं. त्या वर्षांत मीही अर्धा त्यांच्याच जगात राहत होतो. जेवताना बायको काही विचारायची आणि मी कुणाच्या तरी विहिरीच्या वाटेवर असायचो. ती वैतागून म्हणायची, "मार लोकायले लागला का तुमाले?"

पहिल्या वर्षी आम्ही सपशेल आपटलो, तेही आखाड्यात. बाईंच्या मनात आलं, नागपंचमीच्या दंगलीत पहिलवान डोक्यावर आपटतात, तर लगेच रक्त मिळेल. आम्ही मांडव टाकून बसलो. वस्तादांना बाईंविषयी आदर, त्यामुळे एकेक पहिलवान लाल मातीनं माखलेला हात पुढं करून यायचा. मेंदूतून झिरपणारं म्हणून आम्ही जे एन्झाइम मोजत होतो, त्याचे सगळ्यांचे आकडे विभागात तपासल्यावर चढलेले! मला तर आभाळ ठेंगणं झालं. ज्याला ज्याला माती लागली त्याचं रक्त ओरडून सांगत होतं. ते सांगायला आखाड्यात परत गेलो तर दंगल जिंकलेला, पाठ जमिनीला न लागलेला एक गडी म्हणाला, "मॅडम, हरला तो थो. मी तं जितलो. माह्या डोक्यात कायचा मार असन?"

त्याचा आकडा सगळ्यांत वर होता. ते एन्झाइम मेंदूत असतं तसंच दंडात आणि मांडीतही असतं. बाई एकदम खळखळून हसल्या. "काटोलकर," म्हणाल्या, "आपण इतक्या मेहनतीनं जोर-बैठका मोजल्या." दुसरा कुणी असता तर ही गोष्ट झाकून ठेवली असती. बाई पुढे दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला ती सांगायच्या आणि पहिलवानाची नक्कलही करायच्या.

या एन्झाइमचं समजायला सोपं असं आहे: ते एका आडनावाच्या तीन भावांसारखं. एक मांसपेशींत राहतो, एक मुख्यतः हृदयात, आणि एक मेंदूत. नुसतं आडनाव मोजलं की आखाड्यासारखी फजिती होते. तिघांना वेगळं करायला हवं. त्यासाठी रक्तातला द्राव एका पट्टीवर ठेवून तिच्यातून वीज सोडायची. तिघं आपापल्या चालीनं वेगवेगळं अंतर कापतात. मग ती पट्टी अंधाऱ्या खोलीत नेऊन विशिष्ट दिव्याखाली धरायची, की जो भाऊ असेल त्याच्या जागी निळसर रेघ उजळते.

त्या अंधाऱ्या खोलीत आमच्या कितीतरी दुपारी गेल्या. बाहेर मे महिन्याचं ऊन रस्ते भाजत असायचं. आत काळा पडदा, कूलरचा ओला वास, आणि पट्टीवर हळूहळू उगवणारा तो उजेड. मांसपेशींची रेघ ठळक यायची. मेंदूची रेघ आली तर पार टोकाला, दूरच्या गावातला दिवा दिसावा इतकी पुसट. बाई तिला 'आली' म्हणत नसत. शेजारी नेहमी स्वतःच्या रक्ताची पट्टी लावलेली असे, ती पाहून, ही पाहून, पुन्हा ती पाहून मग म्हणत, "असावी." तिथं गप्प बसून वाट पाहणं हेच मोठं काम होतं, आणि मला ते आयुष्यात दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. स्वतःचं रक्त त्या इतक्यांदा देत, की आम्ही चेष्टेनं म्हणायचो, बाईंच्या अंगात आता प्रयोगशाळेचंच रक्त उरलं असेल.

त्याच दिवसांतली एक घरगुती आठवण सांगतो. माझ्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. गावाकडची बाई, नागपूर कधी न पाहिलेली, भेदरून गेली होती. मी तास घेऊन वॉर्डात गेलो तर बाई खिडकीशी बसून तिला बाहेरचं सांगत होत्या. आता एक सायकल रिक्षा आली, तीत नवी नवरी आहे, तिच्या पायातलं जोडवं निघालं, ती खाली वाकून शोधते आहे. आता ऊन समोरच्या भिंतीवर चढलं. आता एक म्हातारा संत्र सोलतोय आणि सालं खिशात ठेवतोय. आई उशीला टेकून हसत ऐकत होती. पट्टी सुटल्यावर ती मला म्हणाली, "तुह्या बाईच्या डोयानं मी आधीच नागपूर पाह्यलं गा. आता माह्या डोयानं येवढं काही बेस नाही दिसून राह्यलं." मी बाईंचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी मला न तपासलेल्या पट्ट्यांचा ढीग दाखवला आणि कामाला लावलं.

हळूहळू आमच्या निळ्या रेघेची वार्ता पसरली. वार्ता पसरते तेव्हा ती काय होऊन पसरते ते आपल्या हाती नसतं. लोक म्हणू लागले, नागपूरच्या बाईंनी अशी तपासणी काढली आहे, की डोक्याला मार खरा की सोंग, ते रक्तातच दिसतं. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हा त्याचं कारण उमगलं नव्हतं. ते उमगलं भाऊराव गजभिये आले तेव्हा.

भाऊराव सावनेरकडच्या एका कोळसाखाणीत हॉलेज खलाशी होते. ही खाण विहिरीसारखी सरळ खाली जाणारी नव्हती. जमिनीत तिरपी उतरत जाणारी वाट होती. उतारावर रूळ, रुळांवर कोळशाच्या लहान गाड्या, आणि त्या गाड्या पोलादी दोरानं ओढणारं, सोडणारं इंजिन वर एका खोलीत. त्या इंजिनावर बसतो तो हॉलेज खलाशी. खाली काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. खालून घंटी वाजते. तिच्या ठोक्यांवरून त्यानं ओळखायचं, की थांबायचं, सोडायचं की ओढायचं. गाड्या थांबल्या, की त्याच उतारानं माणसं चढतात-उतरतात. ती माणसं खलाशाच्या कानावर जगतात.

कामावर येताना भाऊराव सायकलवरून पडले. मैलाच्या दगडावर डोकं आपटलं, ते उठले, कपडे झटकले, पाळीवर गेले. त्या दिवशी एकदा घंटी वाजली आणि किती ठोके झाले तेच त्यांना आठवेना. त्यांनी इंजिन बंद केलं. तेव्हापासून ते इंजिनावर बसायला तयार नव्हते. खाणीच्या डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. सोबती हसू लागले. वरिष्ठ म्हणाले, कामचुकारपणा आहे. शेवटी खाणीचे कल्याण अधिकारी त्यांना घेऊन आमच्याकडे आले. साहेब तसे सरळ मनुष्य होते. म्हणाले, "बाई, तुमचं रक्त जे सांगेल ते आम्ही मानू. रेघ असली तर याला हलकं काम देऊ. नसली तर याला उद्या इंजिनावर बसावं लागेल. नाही बसला तर नोकरी जाईल."

भाऊराव हातांची घडी घालून उभे होते. बाईंनी विचारलं, "काय होते तुमाले?"

"घंटी आयकू येते बाई," ते म्हणाले. "चांगली आयकू येते. पन मोजाले गेलो का ते ठोके हातातून पान्यावानी निंगून जाते. खाली मानसं असते ना जी."

पडून बरेच दिवस लोटले होते. मेंदूतून आलेलं ते एन्झाइम रक्तात फार काळ राहत नाही, लवकरच नाहीसं होतं, हे बाईंना माहीत होतं. साहेबांना त्यांनी ते सांगितलंही. तरी साहेब म्हणाले, तपासा तर खरं. आम्ही तपासलं. अंधाऱ्या खोलीत बाईंनी ती पट्टी दिव्याखाली धरली आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या. टोकाची जागा कोरी होती. त्यांच्या स्वतःच्या पट्टीसारखीच कोरी.

बाहेर शल्यविभागाचे एक वडीलधारे डॉक्टर थांबले होते. भाऊरावांना पाहून त्यांनाही वाईट वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "सुगंधाताई, पुसट आहे असं लिहा. कोण बघायला येतं? गरीब माणूस वाचेल."

"त्यांच्यासाठी मी आज नसलेली रेघ पाहिली," बाई म्हणाल्या, "तर उद्या दुसऱ्या कुणाची असलेली रेघ कोण खरी मानेल?" मग त्या साहेबांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रेघ नाही. पण त्यावरून हा माणूस खोटा ठरत नाही."

साहेबांना साहजिकच काही समजेना. ते म्हणाले, "मग तपासणीचा उपयोग काय?"

हा प्रश्न त्यांनी उर्मटपणे विचारला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. बाईंनी इतकी वर्षं जिवापाड जपलेलं काम त्यांच्याच दारात उभं राहून एका खऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, त्या आता कुणाच्या तरी विहिरीच्या वाटेला लागल्या आहेत. पण त्या वळल्या आणि म्हणाल्या, "मला तुमचं इंजिन पाहायचं आहे."

थंडीचे दिवस होते. आम्ही एसटीनं सावनेरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धुकं आणि धुक्यात फुटलेला कापूस, त्यामुळे शेत कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. भाऊराव पुढच्या सीटवर बसले होते, आणि त्यांच्या टोपीखालची मान मला फार एकटी दिसली.

पाळी बदलायच्या वेळी काम थांबवलेलं होतं. साहेबांनी इंजिनाचा दोर गाड्यांपासून सोडवून ठेवला होता. भाऊरावांचे सोबती इंजिनखोलीबाहेर उन्हात बसले होते. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मधून मधून ठोके द्यायला एक जण खालच्या घंटीपाशी गेला. बाई स्टुलावर बसल्या. भाऊराव आपल्या जागी बसले, हात दांड्यावर ठेवला. घंटी वाजली. त्यांनी बरोबर ओळखलं. पुन्हा वाजली. पुन्हा बरोबर. आपल्या माणसांसमोर लाज जाऊ नये म्हणून तो माणूस जीव कानांत आणून बसला होता. बाहेर कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "झालं ना बाई?"

पण बाईंनी चहा मागितला. चहा आला. त्यांनी भाऊरावांना विचारलं, "तुमच्या गावची विहीर कोणीकडं?" भाऊराव सांगू लागले. ऊन दारातून आत आलं होतं, इंजिनाच्या तेलाचा वास होता, आणि त्यांचा आवाज एकसारखा चालला होता: मारुतीच्या पारावरून, चिंचेखालून, सोनाराच्या घराच्या मागून. सगळे ऐकत होते. मलाही गुंगी आल्यासारखं झालं. नेहमीच्या पाळीत खलाशी असाच बसत असणार, कुणाशी बोलत, घरचं काही मनात आणत. आणि त्याच वेळी घंटी वाजली.

भाऊरावांचा हात दांड्यावर गेला आणि त्यांनी तो ओढला. सहज, नेहमीच्या सवयीनं. ठोके थांबण्याचे होते.

त्यांना स्वतःला ते कळलं नाही. त्यांनी सोबत्यांच्या तोंडांकडे पाहिलं तेव्हा कळलं. तंबाखू मळणारे हात जागच्या जागी थांबले होते. त्यांतल्या बहुतेकांना थोड्या वेळात त्याच उतारानं खाली जायचं होतं. भाऊराव म्हणाले, "किती वाजल्या गा?" कुणीतरी सांगितलं. त्यांनी दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि मग तो मोठा माणूस रडू लागला. "मी खोटं बोलून नव्हतो राह्यलो जी," ते म्हणत होते. "मी खोटं नव्हतो बोलून राह्यलो."

साहेब भाऊरावांच्या बाजूला येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "भाऊराव, उद्यापासून दिवाघरात बस. टोप्यांचे दिवे दे-घे कर. इंजिनावर यायचं नाही."

बाई उठल्या. "आणि हे बरे झाले ते कोण सांगणार?"

"तुमचं रक्त नाही सांगणार?"

"नाही. भाऊराव सांगतील."

भाऊरावांनी डोळे पुसून विचारलं, "मी सांगन तं मानान का?"

उत्तर साहेबांनी द्यायच्या आधी बाहेरच्या माणसांतला सगळ्यांत वयस्क कामगार म्हणाला, "मानू गा. आमचाच जीव हाय."

हिवाळा सरला, उन्हाळा सरला. एका दुपारी भाऊराव विभागात आले आणि दारातच म्हणाले, "बाई, घंट्या वापस आल्या." त्यांना इंजिनावर परत घेताना कुणी दाखला मागितला नाही.

त्यानंतर एका मोठ्या परिषदेत बाईंना बोलावणं आलं. बाहेरचे विद्वान निळ्या रेघा बघायला जमले होते. बाईंकडे दाखवण्याजोग्या सुंदर पट्ट्या होत्या. त्यांनी पहिली दाखवली ती भाऊरावांची, कोरी. म्हणाल्या, "या गृहस्थांना मार लागला होता. माझ्या तपासणीत तो दिसत नाही. हे आधी समजून घ्या, मग पुढच्या पट्ट्या पाहा." सभागृहातली उत्सुकता तिथंच ओसरली. आम्हाला मिळायचं म्हणून जवळजवळ ठरलेलं नवं यंत्र दुसरीकडे गेलं. मला त्या दिवशी बाईंचा राग आला होता, आणि परतीच्या गाडीत मी तो बोलूनही दाखवला. त्या डब्यातून आणलेली भाकरी माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "काटोलकर, यंत्र गेलं. रक्त तर आहे ना?" मग त्यांनी अपघात विभागातल्या परिचारिकांना शिकवून तयार केलं, की मुका मार लागलेला माणूस दारात आला की बाकी सगळ्याच्या आधी, हळुवार हातानं, रक्त घ्यायचं. पुढची कितीतरी वर्षं त्या पुसट रेघेचं काम असं चालत राहिलं आणि पुष्कळांच्या उपयोगी पडलं. ते पूर्ण झालं असं बाईंनी कधी म्हटलं नाही. त्यांच्या मते ते 'असावं' या पायरीवर आहे.

या ग्रंथाच्या निमित्तानं मी मागच्या महिन्यात सावनेरला जाऊन आलो. भाऊराव आता निवृत्त झाले आहेत. नातवंडांत रमले आहेत. त्यांच्यासोबत खाणीवर गेलो. इंजिनावर एक तरुण खलाशी होता, ज्याच्या डोक्याला कधी साधं टेंगूळही आलं नसेल. पाळीची माणसं उताराकडे निघाली होती. खाली जाण्याआधी त्यांतला जो पुढं होता तो इंजिनखोलीच्या खिडकीशी थांबला आणि आत बघून म्हणाला, "काऊन गा, आज डोस्कं कसं हाय?"

"बेस हाय," आतून आवाज आला. तेव्हा माणसं खाली उतरली.

भाऊराव म्हणाले, "रोज पुसते. त्या दिसापासून. मंधात एकदा या पोरानं म्हनलं, आज काही बराबर नाही वाटून राह्यलं. तं कोणी काऊन म्हनूनही पुसलं नाही. दुसरा बसला." मग म्हणाले, "बाईले सांगजा."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि खिडकीशी काय विचारलं, आतून काय उत्तर आलं ते मला पुन्हा सांगायला लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मी विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" तर लगेच म्हणाल्या, "बरी आहे मी, काटोलकर. मला काय धाड भरली?" जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलेल्या या बाईंना कुणी विचारलं की हे एकच उत्तर मिळतं, आणि आम्ही सगळे ते गेली कित्येक वर्षं बिनतक्रार मान्य करत आलो आहोत. ते आता चालायचं नाही. बाई, साठी झाली. यापुढे आम्ही रोज कुणी ना कुणी तुमच्या दाराशी थांबून विचारणार आहोत. तुम्ही खरं सांगायचं. सांगाल ते आम्ही मानू. आणि ते उत्तर पुढची पुष्कळ, पुष्कळ वर्षं 'बेस हाय' असंच असो, आणि खरं असो.